माळ्यावर सापडलेली रॅले: कधीची, कुठली आणि तिचं करायचं काय?

कृष्णाकाठी

मंडळी, जुन्या सायकलींतलं कळणारं कोणी आहे का इथे?

वाईतला मामांचा वाडा पाडायला काढलाय. माळा रिकामा करताना पितळी बंबामागे एक जेंट्स सायकल निघाली. काळी, उंच दांडीची, रॉड ब्रेकची. टायर चिरफाळलेत, सीटचं कातडं वाळून कडक झालंय, चेनकव्हरवर बोटभर धूळ. हँडलखालच्या नळीवर पितळी बिल्ला आहे. त्यावर पक्ष्याचं डोकं आणि खाली 'नॉटिंगहॅम, इंग्लंड' एवढं वाचता येतं. पुढचं हब (चाकाच्या मधला भाग) नेहमीच्या सायकलीपेक्षा बरंच जाड आहे. मागच्या एक्सलच्या टोकातून एक बारीकशी साखळी लोंबतेय, ती कशासाठी ते कोणालाच सांगता येत नाही. आजोबांनी ही मुंबईहून आणली एवढं नक्की. मामा म्हणतात स्वातंत्र्याच्या आधीची. मामींचं म्हणणं, मामांना सगळंच स्वातंत्र्याच्या आधीचं वाटतं.

चौकातला मेकॅनिक म्हणतो, "चार दिवस द्या. पावडर कोटिंग करतो, रिम-हँडलला क्रोम मारतो, ओळखू येणार नाही." भावही ठीक सांगतोय. द्यावी का त्याच्याकडे?

पेठेतला_पंप

"ओळखू येणार नाही" हे तो अगदी खरं बोलतोय. देऊ नका. बाकीचं छर्रेवाले येऊन सांगतीलच.

सायली_नाशिक

वाचतेय. सीटचा फोटो जवळून टाकाल का? बाजूला नाव ठोकलेलं दिसतंय.

छर्रेवाला

कृष्णाकाठी, गाडी नक्की काय आहे ते कळेपर्यंत तिला कोरड्या फडक्याशिवाय काही लावू नका. रंग उद्याही देता येतो. कारखान्यात भट्टीत भाजलेलं काळं इनॅमल आणि त्यावर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा मात्र एकदा घासून गेल्या की गेल्या. पावडर कोटिंगला आधी सगळा रंग उडवतात. रेघा जातात, ट्रान्सफर (फ्रेमवर चिकटवलेली नावं-चित्रं) जातात, जोडांच्या कडा बुजतात आणि फ्रेम नंबरही थराखाली जातो. मग ही रॅले आणि परवा दुकानातून आणलेली काळी सायकल यांत फरक सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही.

आता ओळख. बिल्ल्यावरचा पक्षी बगळा आहे, रॅलेची खूण. पण नुसत्या बिल्ल्यावर जाऊ नका. तो बारीक रिव्हेटवर किंवा स्क्रूवर बसतो आणि या गाडीचा काढून त्या गाडीला लावायला पाच मिनिटं पुरतात. चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चाक बघा. जुन्या इंग्लिश कंपन्यांनी आपली खूण चेनव्हीलमध्येच कोरून ठेवली होती. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी, हंबरच्या चेनव्हीलमध्ये पळणारी पाच माणसं, रजच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा, बीएसएच्या चेनव्हीलमध्ये सरळ तीन अक्षरं. हंबरची आणखी एक ओळख म्हणजे पुढचा चिमटा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका नळीऐवजी दोन-दोन बारीक नळ्या असतात, लांबूनही कळतं. रॅलेने १९३२ साली हंबर घेतली आणि १९४३ साली रज, त्यामुळे पुढे या तिन्ही एकाच घरातल्या झाल्या.

साल काढायला मागचं हब सगळ्यात उपयोगी. ती लोंबणारी साखळी गिअरची आहे. आत स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर आहेत. हबच्या कवचावर रॉकेलचं फडकं फिरवा आणि टॉर्च तिरका धरा. एडब्ल्यू अशी अक्षरं दिसतील, शेजारी दोन आकडी साल आणि महिना. एडब्ल्यू हब १९३६ साली आलं आणि इतकी वर्षं निघत राहिलं की त्या आकड्यांशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पुढचं जाड हब म्हणजे डायनोहब. त्याच्या पोटात डायनॅमो असतो. त्यावरही असाच ठसा शोधा. दोन्ही हबांची सालं जुळली तर चाकं एकत्र जन्मलेली. एकटंच हब फक्त स्वतःचं साल सांगतं, गाडीचं नाही.

फ्रेम नंबर बहुधा सीटखालच्या जोडावर सापडेल. टिपून ठेवा, पण रॅलेच्या नंबरांच्या तयार याद्या फिरतात त्यांच्यावर फार विसंबू नका. नंबरांच्या मालिका पुन्हा पुन्हा सुरू झाल्यात.

आणि हो, डायनोहब उघडू नका. का ते पुढे सांगतो, आधी ठसे वाचून या.

कृष्णाकाठी

वाचले! मागच्या हबवर एडब्ल्यू, ५१ आणि ८. पुढच्यावर जीएच ६, ५१ आणि ६. मामा जरा हिरमुसले, मामी खूश.

पण एक घोळ आहे. चेनव्हीलमध्ये बगळा नाहीच. बी, एस, ए अशी तीन अक्षरं आहेत. म्हणजे गाडी जोडतोड केलेली का?

सायलीताई, सीटच्या बाजूला 'ब्रुक्स' दिसतंय. पुढचं झिजलंय.

पेठेतला_पंप

बगळ्याच्या पायात बंदुका! (बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मूळ धंदा रायफलींचा, म्हणून त्यांच्या सुट्या भागांवरसुद्धा तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण असते. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, आतल्या बाजूला बघा, सापडेल.)

छर्रेवाला

जून ५१ आणि ऑगस्ट ५१. फार छान जुळलंय. चाकं मूळची, गाडी ५१ च्या उत्तरार्धातली किंवा ५२ ची.

चेनव्हीलचं वाईट वाटून घेऊ नका. सत्तर वर्षं जी सायकल चालली तिचं काही ना काही बदललेलंच असतं. कुणीतरी कधीतरी कॉटर (क्रँक धरून ठेवणारी पाचर) हातोड्याने ठोकला असेल, क्रँक वाकला असेल, दुकानात बीएसएचा होता तो बसवून आजोबा घरी आले असतील. त्या माणसाला ऑफिसला जायचं होतं. आपल्यासाठी संग्रह करून ठेवायचा नव्हता.

बगळ्याचं चेनव्हील मिळालं तर घ्या, पण बीएसएचं फेकू नका. आणि बदलताना खालच्या बेअरिंगच्या वाट्यांना हात लावू देऊ नका. रॅलेच्या तिथल्या आट्या इंचाला २६, बाजारातल्या बाकी वाट्या २४ आट्यांच्या. मेकॅनिक म्हणेल "बसते, जरा टाईट आहे". ती बसत नाही, ती फ्रेमच्या आट्या खात आत जाते. एकदा आट्या गेल्या की फ्रेम भिंतीवर टांगायची. मूळ वाट्या खराब दिसल्या तरी धुऊन, नवे छर्रे घालून बघा. एका बाजूला पाव इंची ११, दुसऱ्या बाजूला ११. ही दुरुस्ती मूठभर पैशांत होते आणि फरक पहिल्याच पायडलला कळतो.

ट्रेंटकाठी

नॉटिंगहॅमहून नमस्कार! धागा बघून राहवलं नाही. मी मूळची साताऱ्याची, इथे येऊन बरीच वर्षं झाली.

ज्या कारखान्यातून तुमची गाडी बाहेर पडली तिथे आता सायकल बनत नाही. त्या जागेच्या मोठ्या भागावर नॉटिंगहॅम विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे, १९९९ पासून. जवळच्या एका रस्त्याचं नाव अजून ट्रायम्फ रोड आहे. कंपनीचं नावसुद्धा रस्त्यावरूनच आलेलं. फ्रँक बाउडेनने १८८० च्या दशकाच्या अखेरीस सायकलींची एक छोटी कार्यशाळा विकत घेतली, ती रॅले स्ट्रीटवर होती. स्टर्मी-आर्चरही इथलीच. २००० साली तिचं सगळं तैवानला सनरेसकडे गेलं. त्याचा एक फायदा असा की गिअरचा खटका आणि ती बारीक साखळी आजही नवी मिळते आणि तुमच्या ५१ च्या हबला चालते.

इथे शनिवारी जुन्या सामानाच्या बाजारात एडब्ल्यू हब लोक कवडीमोलाने विकतात. डायनोहब चालू असेल तर मात्र लगेच उचललं जातं.

गिरणगाव_जुना

सगळं वाचलं. एक विचारू का? नॉटिंगहॅम निघालं म्हणून सगळे खूश. आसनसोल निघालं असतं तर पावडर कोटिंग चाललं असतं का?

मी वरळीचा. आमच्याकडे हिंद सायकलचा कारखाना होता. हिंद सायकल मार्ग हे नाव अजून आहे, कारखाना नाही. आमच्या चाळीत एकाच्याही घरी इंग्लंडची गाडी नव्हती. होत्या त्या हिंद, आणि नंतर हर्क्युलस. आसनसोलला सेन-रॅले, म्हणजे इथे बनणारी रॅले. तिथे रॅलेबरोबर हंबर, रज आणि रॉबिनहूडही निघायच्या. मद्रासला अंबत्तूरला टीआय, हर्क्युलस, फिलिप्स आणि बीएसए करणारी. १९५१ ला सोनिपतला ॲटलस, १९५६ ला लुधियानाला हिरो. आयातीवर बंधनं आली आणि या देशाने पुढची कित्येक वर्षं याच सायकलींवर दूध, पेपर, टपाल आणि गिरणीची पाळी वाहिली. १९८० साली हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या एकाच कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या. पुढे दोन्ही गेल्या.

आज भंगारात हिंदचा बिल्ला असलेली फ्रेम किलोवर जाते. कुणी धागा काढत नाही.

पेठेतला_पंप

गिरणगावकाका, +१. उलट त्याहून वाईट चाललंय. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फेरी मारा. आसनसोलच्या गाडीचा बिल्ला उपटायचा, नवा छापलेला 'इंग्लंड' बिल्ला ठोकायचा, दांडीवर चकचकीत स्टिकर लावायचं आणि "साहेब, लंडनची गाडी, ब्रिटिश जमाना" म्हणून तिप्पट भाव. घेणाराही खूश, हॉटेलच्या दारात कुंडी ठेवायला घेऊन जातो. सत्तर सालची अस्सल आसनसोल हातात होती, तिची बोगस नॉटिंगहॅम करून ठेवली.

छर्रेवाला

काका, तुमचा टोला रास्त आहे आणि माझं उत्तर सरळ आहे. आसनसोल असती तरी पावडर कोटिंगला नाहीच म्हटलं असतं. फ्रेमचा मूळ रंग टिकलाय का, एवढाच माझा निकष. शिक्का कुठला, ते नंतर.

नकली बिल्ला ओळखायचा तर त्याच्या कडेखाली बघा. जुन्या बिल्ल्याखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो. बिल्ला आणि त्या खालची सावली एकाच आकाराची हवी. नवा बिल्ला मोठा किंवा लहान असला की जुनी कड उघडी पडते. रिव्हेट काढले असतील तर भोकांभोवती रंगाचे टवके उडालेले दिसतात. आणखी एक, गाडी फार जुनी सांगत असतील तर चकाकी बघा. साधारण १९३० पर्यंत निकेलचा मुलामा होता, त्याला पिवळसर झाक असते. क्रोम निळसर, थंड दिसतं. "१९२० ची आहे" म्हणून कुणी क्रोमचं हँडल दाखवलं तर निदान हँडल तरी १९२० चं नाही. महायुद्धाच्या काळातल्या इंग्लिश गाड्यांवर तर चकाकीच नव्हती, क्रोमच्या जागी काळा रंग.

सांगलीचा_बबन्या

मी इथे एकटाच पडणार बहुतेक, पण बोलतो. माझी फिलिप्स आजोबांची, दुधाची. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पन्नास वर्षं चालली. घरात दर दिवाळीला तिला ऑइलपेंट मारायची पद्धत. हिरवा, मग निळा, मग चांदीसारखा. खाली काय होतं ते देवाला माहीत. मी सगळं उतरवून काळा रंग दिला आणि रोज दूध नाही पण बाजार आणतो तिच्यावर. मूळ रंग मूळ रंग करून कपाटात ठेवलेली सायकल मला तरी समजत नाही.

छर्रेवाला

बबनराव, तुम्ही बरोबर केलंत. तिथे वाचवायला काही नव्हतं. बाजार आणता हे तर सगळ्यात उत्तम, माझ्या तीनही गाड्या चालत्या आहेत.

फक्त पुढच्या वेळी कुणाला अशी ऑइलपेंटची गाडी मिळाली तर सगळं एकदम उतरवू नका. खालच्या बेअरिंगपाशी, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे बोटाएवढ्या जागेवर मऊ पॉलिशने हलके हलके घासून बघा. ब्रशने मारलेला थर मऊ असतो, भाजलेलं इनॅमल कडक. बऱ्याचदा वरचा निघतो आणि खालचा राहतो. राहत नसेल तर खुशाल रंगवा.

सायली_नाशिक

आता मी. माझ्याकडे आत्याची लेडीज रॅले आहे, खाली वळलेल्या दांडीची. आत्या शाळेत शिकवायला जायची त्यावर, नऊवारी नेसून. मागच्या मडगार्डच्या दोन्ही कडांना ओळीने बारीक भोकं आहेत. मला वाटायचं गंजून पडली. मग एका जुन्या जाहिरातीतलं चित्र पाहिलं. त्या भोकांतून दोऱ्या ओवून हबपर्यंत पंख्यासारखी जाळी करायची, म्हणजे लुगडं चाकात जात नाही. दोऱ्या कधीच गेल्या होत्या. मेणाच्या दोऱ्याने मी ती जाळी पुन्हा ओवली. एक दुपार गेली, मान मोडली, पण गाडीला जान आली ती त्याने. रंगाला तर मी हातही लावलेला नाही.

कृष्णाकाठी, रंग कसा साफ करायचा ते लिहिते. पाणी-साबण नको, ट्रान्सफरच्या कडांतून पाणी खाली शिरतं. थिनर आणि पेट्रोल तर अजिबात नको, सोनेरी अक्षरं विरघळतात. शिलाई मशीनचं तेल जुन्या मऊ सुती कापडावर घ्यायचं आणि एका वेळी पोस्टकार्डाएवढाच तुकडा करायचा. लावायचं, थांबायचं, पुसायचं. पहिल्यांदा काळं निघतं, मग तपकिरी. कापडावर सोनेरी दिसलं की हात तिथल्या तिथे थांबवायचा. माझ्या गाडीच्या मागच्या चिमट्यावर रेघ आहे हे मला असंच कळलं, आधी नुसता मळ दिसत होता.

क्रोमला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल चुरगळायची, पाण्यात बुडवायची आणि हलक्या हाताने घासायचं. वरवरचा गंज जातो, ओरखडे येत नाहीत. तारेची घासणी आणि सँडपेपर कपाटात कुलूप लावून ठेवा. नट, बोल्ट, ब्रेकच्या सळ्या असे सुटे, बिनरंगाचे भाग फार गंजले असतील तर ऑक्झॅलिक आम्ल. प्लास्टिकच्या टबात, हातमोजे घालून, अंगणात. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, धुऊन लगेच वाळवायचं आणि तेल लावायचं. ते विषारी आहे, टब पोराबाळांच्या आणि मांजरांच्या वाटेत ठेवू नका.

ब्रुक्सच्या सीटला खोबरेल तेल लावू नका. सगळे तेच सांगतील. कातडं मऊ पडून झोळी होते, मग बसलं की खालची सळई लागते. कातड्याचं मेण मिळतं, ते वरून आणि खालून थोडं थोडं लावायचं. नाकाखालचा नट पिळून कातडं ताणायची घाई नको. वाळकं कातडं रिव्हेटपाशी फाटतं.

कृष्णाकाठी

सायलीताई, मनापासून आभार. मशीनच्या तेलाने मागच्या मडगार्डचा एक तुकडा केला. खाली पांढरा पट्टा आहे आणि त्यावर काळी अक्षरं, अजून वाचता येत नाहीत. मामा आता दिवसभर फडकं घेऊन बसतात. मामी म्हणतात इतकं घर पुसलं असतं तर.

सीटच्या मागे, बोल्टला तारेने बांधलेला एक छोटा बिल्ला सापडलाय. नगरपालिकेचा, त्यावर साल आणि नंबर ठोकलेला. हे काय?

पेठेतला_पंप

सायकलचा कर भरल्याचा बिल्ला! तो काढू नका, आणि कृपा करून ब्रासोने घासू नका. पूर्वी दरवर्षी नगरपालिकेत कर भरायचा, बिल्ला घ्यायचा. नसला की चौकात पोलीस हवा सोडायचा किंवा दंड. तशीच दिव्याची भानगड, रात्री दिवा नसला की उतरून चालत जायचं, आणि डबलसीटला तर दोघांनाही बोलणी. तुमच्या आजोबांचा दिवा हबमध्येच होता, त्यामुळे त्यांची एक कटकट वाचली.

गिरणगाव_जुना

नगरपालिकेचा बिल्ला बघून बरं वाटलं. गाडी नॉटिंगहॅमची, पण रहिवासी वाईची.

कृष्णाकाठी

छर्रेवाले, डायनोहबचं सांगायचं राहिलं. आणि उद्या क्रँक काढायचाय, मेकॅनिक हातोडी घेऊन तयारच आहे.

छर्रेवाला

हातोडी आधी ताब्यात घ्या.

कॉटर म्हणजे क्रँक आणि एक्सल यांच्यामध्ये आडवी ठोकलेली पाचर. वर्षानुवर्षं पायडलच्या दाबाने ती रुतून बसते. क्रँक अधांतरी ठेवून ठोकली तर सगळा मार वाटीवर आणि छर्‍यांवर जातो, कॉटर जागचा हलत नाही आणि वाटीत खड्डे पडतात. आधी दोन-तीन दिवस गंज सोडवणारं तेल सोडा. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, टोकाबरोबर ठेवा, नाहीतर आट्या फुलतात. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा असा उभा द्या की कॉटरचं खालचं डोकं त्याच्या पोकळीत जाईल आणि पाइपचं दुसरं टोक जमिनीवर टेकेल. मग नटावरच एकच ठोका, जोराचा आणि सरळ. टिचक्या मारत बसलं की कॉटर वाकतो. मोठा बेंच व्हाइस असेल तर ठोकायचीही गरज नाही, दाबून निघतो. नवा कॉटर बसवताना त्याची सपाट बाजू कानशीने जुळवा, आणि डाव्या-उजव्या बाजूचे कॉटर उलट दिशांनी घाला. नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि गाडी लंगडते.

उजवीकडची वाटी सोडवायची वेळ आलीच तर तिच्या आट्या उलट्या आहेत. सवयीने डावीकडे फिरवली तर आणखी घट्ट होते. मी तर ती काढूच नका म्हणेन.

आता डायनोहब. त्यात एक गोल लोहचुंबक असतो आणि त्याच्या आत तारांची गुंडाळी. लोखंडी गाभ्यासकट. चुंबक गाभ्यापासून नुसता बाहेर काढला की त्याचं बळ उतरतं. परत जोडला तरी येत नाही. दिवा मिणमिणता होतो आणि मग लोक म्हणतात "जुनं आहे, बाद झालं". काढायचाच असेल तर चुंबक सरकवत सरकवत तशाच मापाच्या लोखंडी कड्यात घ्यावा लागतो, मध्ये फट पडू न देता. म्हणून म्हटलं उघडू नका. एक्सल फिरतोय ना? मग बाहेरून कोन (छर्रे दाबून धरणारे नट) सैल करून धूळ काढा, ग्रीस द्या, बस. वायरी जोडायच्या जागा साफ करा, सहा व्होल्टचा बल्ब लावा आणि चाक हाताने फिरवा.

मागच्या हबला मात्र ग्रीस नको, पातळ तेल. कवचावर छोटं झाकण आहे त्यातून. जुनं तेल गोंदासारखं झालेलं असतं, त्यामुळे आतले खटके चिकटतात आणि पायडल पोकळ फिरतं. थोडं तेल, थोडं रॉकेल घाला, चाक फिरवा, रात्रभर ठेवा, पुन्हा तेल. दहापैकी नऊ हब न उघडता जागे होतात. मधला गिअर सरळ, खालचा पाव पट हलका, वरचा तिसऱ्या हिश्शाने जड. वायर लावताना मधल्या गिअरवर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून बघा, साखळीच्या दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर आलं पाहिजे. चुकलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल अचानक सुटतं. उभं राहून घाट चढताना सुटलं तर माणूस दांडीवर. पसरणीच्या घाटात प्रयोग नको.

सांगलीचा_बबन्या

दांडीवर म्हणजे कुठे ते सगळ्यांना समजलं. 🙏

कृष्णाकाठी

🙏🙏 कॉटर निघाला! पाइप लावून. मेकॅनिक स्वतःच म्हणाला, असं कधी केलं नव्हतं. क्रँकच्या आत तीन बंदुकाही सापडल्या. डायनोहबला हात लावलेला नाही, बल्ब आणायचाय. आता टायरचं काय? रिमवर २८ बाय दीड लिहिलंय. हे कुठून मागवायचं?

पेठेतला_पंप

मागवायचं कशाला? कोपऱ्यावरच्या कुठल्याही सायकलच्या दुकानात "अठ्ठावीस-दीड, काळी सायकल" म्हणा. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलींचं तेच माप आहे. ट्यूबही तीच. आणि वाईला आहातच तर पुण्याला येऊन कर्वेनगरातलं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय बघून जा, मामांनाही आणा.

ट्रेंटकाठी

थांबा थांबा. तिकडे कोपऱ्यावर मिळतात?? इथे २८ बाय दीडसाठी लोक महिनोन् महिने शोधतात. मिळाले तर भाव ऐकून घाम फुटतो. कृष्णाकाठी, मी डिसेंबरात साताऱ्याला येतेय. माझ्यासाठी दोन टायर घेऊन ठेवाल का? त्या बदल्यात बगळ्याचं चेनव्हील आणते. ४६ दातांचं चालेल ना? फक्त एवढा मोठा टायर बॅगेत बसणार कसा?

कृष्णाकाठी

दोन काय, चार घेऊन ठेवतो! चेनव्हीलचे दात मोजून सांगतो.

छर्रेवाला

४६ चालेल, साखळीचा एखादा दुवा कमी-जास्त करावा लागेल इतकंच. उजव्या क्रँकसकट आणा, नुसतं चेनव्हील सुटं निघत नाही.

टायर न मोडता बसतो. दोन्ही हातांनी समोरासमोर धरा, एक हात आत वळवा, म्हणजे आठचा आकडा होतो. मग वरचं वेटोळं खालच्यावर दुमडा. एका टायरची तीन छोटी वेटोळी होतात, तार न वाकता. सुतळीने तीन जागी बांधा. कडेची तार तिरकी वाकली तर मात्र तो टायर रिमवर कधीच सरळ बसत नाही, तेव्हा जोर लावू नका.

पेठेतला_पंप

आणि येताना एडब्ल्यू हब कवडीमोल मिळतात म्हणालात ना ताई? चेनव्हीलशेजारी बॅगेत जागा असली तर बघा.